गेम शेवटी उघडा: हँडहेल्डवर कच्चा स्पेक्ट्रम इम्युलेटर कसा तपासायचा

नवा इम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) हातात पडला की पहिला मोह होतो तो गेम उघडायचा. मलाही झाला. एका हौशी प्रोग्रामरने झेडएक्स स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकाच्या इम्युलेटरची पहिलीवहिली बिल्ड (चालवायला तयार आवृत्ती) तपासायला पाठवली होती. मी ती साडेतीन इंची हँडहेल्डवर (हातात धरून गेम खेळायच्या छोट्या यंत्रावर) चढवली, एक गेम लावला, वीस मिनिटं खेळलो आणि कळवून टाकलं, "मस्त चालतंय." चालत नव्हतं. अख्खं यंत्र वीस टक्के जास्त वेगाने पळत होतं, आणि गेम पूर्वीपेक्षा अवघड वाटतोय याचा दोष मी स्वतःच्या वयाला देऊन मोकळा झालो होतो.

ज्यांनी इम्युलेटर वापरलेत पण तपासलेले नाहीत, अशांसाठी हे लिहितोय. प्रोग्रामिंग यायला हवं असं नाही. मोबाइलमधलं स्टॉपवॉच, सुराचा ट्यूनर आणि थोडी चिकाटी एवढं पुरतं. बाकीची हत्यारं त्या जुन्या यंत्राच्या पोटातच आहेत, कारण स्पेक्ट्रम सुरू झाला की समोर बेसिक भाषाच येते. दोन-चार ओळी टाइप करा आणि यंत्रालाच त्याची प्रकृती विचारा.

यंत्राची ओळख थोडक्यात. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने २३ एप्रिल १९८२ रोजी स्पेक्ट्रम बाजारात आणला. १६ केबीचं मॉडेल १२५ पौंडांना, ४८ केबीचं १७५ ला. आत ३.५ मेगाहर्ट्‌झचा झेड८० प्रोसेसर, १६ केबी रॉम (यंत्रात कायमचा कोरलेला प्रोग्राम), आणि २५६ बाय १९२ ठिपक्यांचा पडदा. पुण्याचाही याच्याशी संबंध आहे: डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या इथल्या कंपनीने ऐंशीच्या दशकात परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकला होता. त्यामुळे कुणाच्या तरी माळ्यावर खरं यंत्र अजून निघू शकतं. निघालं तर फेकू नका, ताडून पाहायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

आधी तयारी

हँडहेल्डच्या एसडी कार्डाची संपूर्ण इमेज संगणकावर काढून ठेवा. कच्ची बिल्ड कार्डावर काय लिहील याचा नेम नसतो, आणि स्वस्त हँडहेल्डसोबत येणारी कार्डं तशीही भरवशाची नसतात. शक्यतो चाचणीसाठी वेगळं कार्डच ठेवा.

मग बिल्ड तुमच्या यंत्रासाठीच आहे ना ते बघा. लिनक्सवर चालणाऱ्या हँडहेल्डमध्ये ३२ बिटची आणि ६४ बिटची अशी दोन्ही प्रकारची एआरएम यंत्रणा सापडते. चुकीची बिल्ड चालवली तर कधीकधी 'फाइल सापडली नाही' असा विचित्र संदेश येतो. फाइल तर डोळ्यासमोर असते! प्रत्यक्षात सापडत नसतो तो ती फाइल चालवणारा लोडर. यावर तास घालवू नका, बिल्ड बदलून मागा.

रॉमची फाइल बरोबर १६,३८४ बाइटची हवी. एकही कमी-जास्त नको. १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने सिंक्लेअरचा संगणकांचा धंदा विकत घेतला आणि पुढे इम्युलेटरसोबत या रॉम द्यायला परवानगीही दिली, त्यामुळे इथे चोरीछुपेपणा करायची गरज नाही. गेमचं तसं नाही. त्यांचे हक्क ज्याचे त्याच्याकडे आहेत, आणि आपल्या चाचण्यांना गेम लागतही नाहीत.

शेवटची तयारी म्हणजे तुलनेसाठी संगणकावर एक मुरलेला इम्युलेटर. मी फ्यूज वापरतो. लांब प्रोग्राम त्यात टाइप करायचे, टॅप फाइल (स्पेक्ट्रमच्या कॅसेटची नक्कल) म्हणून जतन करायचे आणि कार्डावर न्यायचे. हँडहेल्डच्या चार बटणांवर वीस ओळी टाइप करणं ही शिक्षा आहे.

सुरू होताना नीट बघा

इम्युलेटर सुरू केल्यावर पहिले दोन सेकंद डोळे मिटू नका. खरा स्पेक्ट्रम आधी स्वतःची मेमरी तपासतो. प्रत्येक खान्यात २ हा आकडा भरतो, मग तो एकेकाने कमी करत शून्यावर आणतो. पडद्याची मेमरी त्यातच येत असल्यामुळे क्षणभर काळा पडदा आणि त्यावर बारीक लाल उभ्या रेघा दिसतात. मग पडदा पांढरा होतो आणि तळाशी १९८२ सालची सिंक्लेअर रिसर्चची कॉपीराइट ओळ उमटते. लाल रेघा दिसल्या म्हणजे रॉम खरोखर चालतोय. नुसता पांढरा पडदा येऊन ती ओळ झळकली तर इम्युलेटरच्या लेखकाने वेळ वाचवायला तयार स्थिती भरलेली असू शकते. ती चूक नव्हे, पण नोंदून ठेवा.

मेमरी पूर्ण दिसतेय का, हे असं विचारा (आदेश मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, यंत्रावर ते एका कळीत उमटतात):

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

उत्तर ६५५३५ यायला हवं. ३२७६७ आलं तर इम्युलेटर स्वतःला १६ केबीचं मॉडेल समजतोय.

आता पडदा. बहुतेक साडेतीन इंची हँडहेल्ड ६४० बाय ४८० चे असतात, आणि स्पेक्ट्रमला हे माप जणू बेतून शिवलंय. २५६ बाय १९२ ची दुप्पट म्हणजे ५१२ बाय ३८४. डावी-उजवीकडे ६४-६४ आणि वर-खाली ४८-४८ ठिपके उरतात, त्यात स्पेक्ट्रमची रंगीत किनार बसते. चित्र पडदाभर ताणलं तर पट अडीच होते, आणि अर्धा ठिपका काही दाखवता येत नाही. मग काही उभ्या रेघा दोन ठिपक्यांच्या, काही तीनच्या. तपासायला इंग्रजी कॅपिटल एम अक्षर ओळभर छापा आणि पडदा नाकाजवळ आणा. प्रत्येक एमचे दोन्ही पाय जुळे भाऊ दिसले पाहिजेत. एक पाय दुसऱ्यापेक्षा जाडा दिसला तर मापाची गडबड आहे.

बीप टाइप करता येतं का?

माझ्या मते नवख्या इम्युलेटरची खरी परीक्षा इथे होते. स्पेक्ट्रमला ४० कळा, हँडहेल्डला डझनभर बटणं. म्हणून पडद्यावर कीबोर्ड काढावा लागतो आणि डी-पॅडने (चार दिशांच्या बटणाने) एकेका कळीवर जावं लागतं. स्पेक्ट्रमवर मात्र शब्द अक्षरांनी टाइप होत नाहीत. पी दाबलं की 'प्रिंट' उमटतं, जे दाबलं की 'लोड'. 'बीप'साठी आधी कॅप्स शिफ्ट आणि सिंबल शिफ्ट एकदम दाबायचे, कर्सरचं ई होतं, मग सिंबल शिफ्ट धरून झेड.

पडद्यावरच्या कीबोर्डवर एका वेळी एकच कळ निवडता येते. दोन शिफ्ट एकदम कसे दाबणार? त्यासाठी शिफ्ट दाबल्यावर चिकटून राहायला हवा आणि पुढची कळ दाबल्यावर आपोआप सुटायला हवा. कित्येक कच्च्या बिल्डमध्ये हा विचारच झालेला नसतो, कारण लेखकाने सगळं संगणकाच्या कीबोर्डवर तपासलेलं असतं. बीप टाइप झालं तर कीबोर्डाचं जवळजवळ सगळंच जमलं. नाही झालं तर स्पेक्ट्रम प्लससारखी वेगळी 'एक्स्टेंड मोड' कळ द्या, अशी सूचना करा.

जॉयस्टिकसाठी हा दोन ओळींचा प्रोग्राम:

१० प्रिंट अ‍ॅट ०,०; इन ३१; "   "
२० गो टू १०

केम्पस्टन (स्पेक्ट्रमच्या जॉयस्टिकचा एक प्रकार) ३१ क्रमांकाच्या पोर्टवर बोलते. काही न दाबता ०, उजवीकडे १, डावीकडे २, खाली ४, वर ८, आणि गोळीचं बटण १६. तिरकं दाबलं की बेरीज होते. आता नुसतं 'वर' दाबा आणि आकडा बघत रहा. ८ च्या जागी मधूनच ९ किंवा १० चमकलं, तर तुमचं डी-पॅड ढिलं आहे. हा दोष इम्युलेटरच्या माथी मारण्याआधी हँडहेल्डच्या स्वतःच्या बटण-चाचणीत तेच करून बघा. निम्म्या तक्रारी इथेच गळून पडतात.

पन्नास की साठ

इथे थोडं थांबू, कारण माझी फजिती इथलीच.

स्पेक्ट्रमचं घड्याळ ब्रिटिश टीव्हीला बांधलेलं होतं. ४८ केबीच्या मॉडेलमध्ये एक चित्र काढायला प्रोसेसरचे ६९,८८८ ठोके जातात. ३५ लाखांना त्याने भागा, सेकंदाला ५०.०८ चित्रं येतात. हँडहेल्डचा पडदा मात्र सहसा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. लेखकाने 'पडदा ताजा झाला की एक चित्र पुढे' असं सोपं गणित मांडलं, की ५० चं काम ६० च्या वेगाने होतं. संगणकावर त्याच्या लक्षात येतंच असं नाही, आणि खेळणाऱ्याला तर मुळीच येत नाही.

पकडायला एकच आदेश लागतो. 'पॉज' ही एमची कळ आहे:

पॉज ३०००

म्हणजे ३००० चित्रांइतका वेळ थांब. एंटर दाबताच स्टॉपवॉच सुरू करा, खाली 'ओके' दिसताच बंद करा. मध्ये कुठल्याही कळीला हात लावू नका, कळ दाबली की पॉज संपतो. साठ सेकंद लागले तर ठीक (काटेकोर म्हटलं तर ५९.९). पन्नास लागले तर इम्युलेटर पडद्याच्या तालावर नाचतोय. पंच्याहत्तर लागले तर सेकंदाला चाळीसच चित्रं निघतायत, म्हणजे हँडहेल्डला भार झेपत नाही. मग तीच चाचणी बॅटरी वाचवणारा मोड बंद करून पुन्हा करा.

आता आवाज. ट्यूनर उघडा आणि हे चालवा:

बीप ५,९

पहिला आकडा सेकंद, दुसरा मध्य सी पासूनचे अर्धस्वर. नऊ अर्धस्वर वर म्हणजे ए, ४४० हर्ट्‌झ. घरी पेटी असेल तर पांढरी सहा दाबून बघा, तोच सूर लागला पाहिजे. ५२७ च्या आसपास आलं तर पुन्हा तेच साठचं दुखणं, सूर जवळजवळ वरच्या पांढरी एकवर गेलेला असतो. पण ४७९ आलं तर? माझ्या आवडीचा आकडा आहे हा. इम्युलेटर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने बनवतोय आणि हँडहेल्ड ते ४८,००० च्या दराने वाजवतंय, असं त्याचं भाषांतर. उलट झालं तर ४०४ येतं. नुसतं 'आवाज विचित्र येतो' म्हणण्याऐवजी हा आकडा कळवलात, तर लेखकाला चूक कुठल्या ओळीत आहे तेही बहुधा कळेल.

बीप सलग आठ सेकंद वाजवा आणि हेडफोन लावून ऐका. मध्ये 'टक्… टक्' असे खाचे पडले तर आवाजाचा साठा वेळेवर भरला जात नाहीये.

एक गोष्ट मात्र तक्रार म्हणून लिहू नका. वेग बरोबर असूनही सरकतं चित्र किंचित अडखळतं. ५० चित्रं ६० च्या पडद्यावर दाखवायची तर दर पाचवं चित्र दोनदा दाखवावंच लागतं. ते गणित आहे, बग नव्हे.

किनारीवरचे पट्टे आणि कॅसेट

१० बॉर्डर २
२० बॉर्डर ५
३० गो टू १०

किनार लाल, मग आकाशी, मग लाल. खऱ्या यंत्रावर हा बदल चित्र काढलं जात असतानाच होतो, त्यामुळे किनारीवर आडवे पट्टे धावताना दिसतात. अख्खी किनार एकदम लाल, एकदम आकाशी अशी फडफडली, तर इम्युलेटर किनार चित्रामागे एकदाच रंगवतोय. गेम बहुतेक चालतील, पण कॅसेट लोड होतानाची मजा गेली.

ती मजा तपासण्याजोगी आहे. झटपट लोडिंग बंद करा, लोडिंग-चित्र असलेली एखादी टॅप फाइल लावा, आणि जे, मग सिंबल शिफ्टसह पी दोनदा, एंटर. आधी लांब किर्रर्र आवाज आणि किनारीवर लाल-आकाशी रुंद पट्टे: हेडरची पाच सेकंदांची शीळ. मग निळे-पिवळे बारीक पट्टे: हा खरा मजकूर. चित्र असेल तर ते वरून खाली सरळ भरत नाही. पडद्याचे तीन आडवे भाग असतात. प्रत्येक भागात आधी दर आठवी ओळ, मग तिच्याखालची, अशी विणल्यासारखी भरणी होते, आणि तोवर सगळं काळंपांढरं. शेवटच्या साडेचार सेकंदांत रंगाचे ७६८ बाइट येतात आणि रंग वरून खाली ओघळत जातो. चित्र दुसऱ्या कुठल्या क्रमाने भरलं तर पडद्याच्या पत्त्यांचं गणित चुकलंय. ४८ केबी पूर्ण भरायला पाचेक मिनिटं लागतात. चहा ठेवा.

'टेप लोडिंग एरर' आला तर तीच फाइल फ्यूजमध्ये चालते का बघा. तिथेही नाही चालली तर फाइलच नासकी.

खालची मेमरी संथ असते

इथवर सगळं पास झालं तरी काही गेम गडबडतात. कारण बहुधा हे: १६३८४ ते ३२७६७ या पत्त्यांच्या मेमरीवर प्रोसेसर आणि चित्र काढणारी यूएलए चिप या दोघांचाही हक्क. चित्र निघत असताना प्रोसेसरला थांबावं लागतं. एकाच नळावर दोन बिऱ्हाडं, तसं. इम्युलेटरने हे थांबणं धरलं नाही तर प्रोग्राम खऱ्यापेक्षा जलद पळतो.

हा प्रोग्राम संगणकावर टाइप करून कार्डावर न्या:

१० फॉर एन=० टू ८: रीड ए
२० पोक ३००००+एन,ए: पोक ४००००+एन,ए: नेक्स्ट एन
३० डेटा १,०,०,११,१२०,१७७,३२,२५१,२०१
४० इनपुट पी
५० फॉर एन=१ टू २०: लेट ए=यूएसआर पी: नेक्स्ट एन

नऊ आकडे म्हणजे ६५,५३६ पासून शून्यापर्यंत मोजणारा चिमुकला मशीन-कोड. आधी पी म्हणून ४०००० द्या आणि वेळ मोजा, दहाएक सेकंद लागतात. मग पुन्हा चालवून ३०००० द्या. काम तेच, पत्ता खालचा, त्यामुळे वेळ स्पष्टपणे जास्त लागला पाहिजे. दोन्ही वेळा सारख्याच आल्या तर थांबण्याचं गणित बिल्डमध्ये अजून नाही.

प्रोसेसरच्या एकेका आज्ञेची परीक्षा घ्यायला तयार प्रोग्राम आहेत: फ्रँक क्रिंगल यांचा झेक्सडॉक आणि झेक्सऑल, आणि पॅट्रिक राक यांचा झेड८०टेस्ट. झेक्सऑल खऱ्या वेगाने चालवला तर काही तास घेतो, म्हणून चार्जर लावून ठेवा आणि पडदा आपोआप विझणं बंद करा. झेक्सडॉक पास पण झेक्सऑल नापास असं झालं तर घाबरू नका. कागदोपत्री नसलेल्या फ्लॅग बिटांचा (प्रोसेसरच्या आतल्या खुणांचा) तो फरक असतो, सुरुवातीच्या बिल्डमध्ये हमखास सापडणारा.

झोप आणि जाग

हँडहेल्डची खास चाचणी, संगणकावर कुणी करत नाही. बीप वाजत असतानाच पॉवर बटण दाबून यंत्र झोपवा, मिनिटभराने उठवा. आवाज परत येतो का? उठल्यावर मागे पडलेला वेळ भरून काढायला इम्युलेटर सुसाट धावत तर नाही? मग लोडिंगच्या मधोमध स्थिती जतन करा, इम्युलेटर बंद करून पुन्हा उघडा, ती स्थिती आणा. ४८ केबीची एसएनए फाइल (जतन केलेल्या स्थितीची) ४९,१७९ बाइटची असते. वेगळी निघाली तर फाइलच अर्धवट लिहिली गेलीय.

कळवायचं कसं

"चालत नाही" हे कळवणं नव्हे. माझी दुसरी चिठ्ठी अशी होती:

"बिल्ड तिसरी, ६४ बिट. ६४० बाय ४८० पडदा, मूळ फर्मवेअर. ४८ केबी मॉडेल, रॉम १६,३८४ बाइट. सुरू केल्यावर लगेच पॉज ३०००: तीनदा मोजलं, ५०.१, ४९.९, ५०.० सेकंद. बीप ५,९: ट्यूनरवर ५२७. फ्यूजमध्ये अनुक्रमे ६० आणि ४४०. बॉर्डरचे पट्टे ठीक. चिकटणारा शिफ्ट नाही, त्यामुळे बीप पडद्यावरच्या कीबोर्डने टाइप होत नाही, टॅप फाइलमधून चालवलं."

एका चिठ्ठीत एकच मोठी तक्रार ठेवणं त्याहून बरं, पण तेव्हा मला उत्साह होता. उत्तर त्याच रात्री आलं, दोनच शब्दांचं: "अरे देवा." दोन दिवसांनी चौथी बिल्ड आली. पॉज ३००० ला ६०.० सेकंद लागले, बीप ४४० ला स्थिर. मग मी तोच गेम लावला. पहिल्याच पडद्यावर तीनदा मेलो.